चि. दा.

इंदूर, रामबाग
रविवार, ७ डिसेंबर २०२५

प्रिय चिटणीस,

या नावानं तुला हाक मारणारा आता मी एकटाच राहिलो.

सर गेल्यावर फोनवर आपण जेमतेम तीन मिनिटं बोललो. तू ‘बरं, बरं’ म्हणत होतास, मी ‘हो, हो’. त्याच रात्री लिहायचं होतं. पण तेराव्यापर्यंत काकूंकडे रोजची ये-जा होती, आणि त्यानंतर माळ्यावर जे हाती लागलं त्यानं पेन उचलवेना. आज बसलोय. माझी तब्येत ठीक. साखर आहे, गोळ्या आहेत, गुडघा होता तसाच.

सर झोपेतच गेले. सत्त्याऐंशी पूर्ण होती. पहाटे धाकटीचा मेसेज आला, ‘बाबा गेले.’ मी अर्धवट झोपेत होतो, उलट लिहिलं, ‘कुठे?’ पाठवून झाल्यावर उजेड पडला. अरे, मोडीच्या पहिल्या तासाचा तो किस्सा! ‘काकाजी अजमेर गये’ असं महाजनी लिपीतलं पत्र, ना काना ना मात्रा, आणि घरच्यांनी वाचलं ‘काकाजी आज मर गये’. बायका रडताहेत, शेजारी जमलेत, आणि काकाजी तिकडे अजमेरला. दर वर्षी सर तो सांगायचे आणि आपल्या आधी स्वतःच हसायचे. तेराव्याला धाकटीनं मला जिन्यात गाठून मोबाइलवर तो ‘कुठे?’ दाखवला. आम्ही दोघं पायरीवर बसून हसत सुटलो. आतून काकूंनी विचारलं, काय झालं रे? काय सांगणार!

रामबाग मुक्तिधाम घरापासून चार पावलांवर. गर्दी खूप होती. नंतर शोकसभा झाली. ‘होळकरशाहीचे गाढे अभ्यासक’, ‘व्यासंगी’, ‘ऋषितुल्य’, सगळे शब्द येऊन गेले. खोटं कुणीच बोललं नाही. पण वेण्यांचं कुणी बोललं नाही रे. काकूंची सकाळची शाळा, त्या सव्वासहाला घराबाहेर, आणि दोन मुलींच्या चार वेण्या सरांकडे. लाल रिबीन दातात धरून ते वंशावळ घोकून घ्यायचे. मल्हारराव, खंडेराव, मालेराव, अहिल्याबाई, तुकोजीराव. पेडागणिक एक नाव. थोरली हटकून मालेराव विसरायची आणि सर वेणी धरून थांबायचे. ‘वर्षभरही राज्य केलं नाही म्हणून काय गाळायचं त्याला?’ आपण ओटल्यावर बसून हे ऐकत असू. मला तर वाटतं, होळकरांचा क्रम आपल्याला वर्गात नाही, त्या ओटल्यावर पाठ झाला.

आणि संध्याकाळचे सात ते नऊ. त्या दोन तासांत कुणी मोठा माणूस आला तरी सर भेटायचे नाहीत. आजींना अर्धांग झाल्यापासून तो वेळ त्यांचा. मऊ भात, वरण, चमच्यानं. खिडकीतून आवाज यायचा, ‘आ कर, आई. अजून एक. हा शेवटचा.’ शेवटचा कधीच शेवटचा नसायचा. मग पोथी. नऊ वाजता सर बाहेर यायचे, पदराला पुसावेत तसे धोतराला हात पुसत, आणि म्हणायचे, ‘हं, कुठं होतो आपण? महिदपूर.’

राजवाडा जळला तेव्हाचंही कुणी बोललं नाही. नोव्हेंबर ८४, इंदिराजी गेल्यावरची ती दंगल. कर्फ्यू सुटल्यावर सर आपल्याला घेऊन गेले, थोरलीलाही हात धरून आणलं होतं. खालचे दगडी मजले काळेठिक्कर, वरचं लाकूडकाम आणि मागचा भाग गेलेला, दर्शनी बाजू तेवढी उभी. इतिहासाचा प्राध्यापक, पण एक वाक्य बोलला नाही माणूस. मुलीला म्हणाले, ‘नीट बघून ठेव.’ एवढंच. आणि त्याआधीचे चार दिवस सरांच्या वरच्या खोलीत कोण राहिलं होतं, ते तुला ठाऊक, मला ठाऊक. सभेत ते निघालं नाही हे एका परीनं बरंच. सरांनी कधीच काढू दिलं नसतं.

मला बोलायला सांगितलं होतं. मी उभा राहिलो, महिदपूरच्या सहलीचं बोललो. २१ डिसेंबर, लढाईची तारीख, त्याच दिवशी सर आपल्याला क्षिप्रेच्या काठावर नेतात. १८१७ साली इंग्रजांचे हिस्लॉप आणि माल्कम नदी कुठून उतरले, होळकरांच्या तोफा कुठं होत्या, सगळं हातवारे करून दाखवतात. आदल्याच दिवशी होळकरांचा कारभार बघणाऱ्या तुळसाबाईला तिच्याच माणसांनी मारलं, हे सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. आणि नेमक्या त्या शांततेत चिटणीस पाय घसरून थेट क्षिप्रेत! सभा हसली. तू असतास तर माझ्यावर खेकसला असतास की मी ढकललं होतं. नव्हतं ढकललं. हे भांडण चालू राहू दे.

आता मुख्य.

काकूंनी तेराव्यानंतर सांगितलं, माळ्यावरची खोकी बघ. बुटांची खोकी, तीच. मोजली, एकतीस भरली. मुलींनी ठरवलंय की सगळं सीतामऊला, नटनागर शोध संस्थानाला द्यायचं. सरांचीही तीच इच्छा होती म्हणे. माझं काम इतकंच की खोक्यांवर विषय लिहायचे, वाळवी लागलेलं वेगळं काढायचं. पाच दिवस रोज दुपारी जात होतो. लग्नपत्रिका कापून केलेली ती पाठकोरी कार्डं, सरांचं अक्षर, तुझं ते मोत्यासारखं, मधूनच माझं.

सतराव्या खोक्यात भानपुरा होता.

पुढचं सगळं तुला माहीत आहे. तरीही मला एकदा ओळीनं लिहू दे, कारण एकोणचाळीस वर्षं मी ते माझ्या सोयीनं सांगत आलोय.

भानपुऱ्याकडच्या त्या वाड्यातला जुन्या कागदांचा रुमाल आपण दोघांनी दोन दिवसांत उतरवून घेतला. वरचा अर्धा तू, खालचा मी. त्यात ती चिठ्ठी, यशवंतराव होळकरांच्या फौजेकडे चंदीसाठी हरभरा रवाना केल्याची. कार्डावर साल आलं १८०५. सर किती हरखले होते! १८०४ च्या पावसाळ्यात इंग्रजांचा मॉन्सन पळत सुटला तेव्हा यशवंतरावांना धान्य कुणीही दिलं असतं, ते म्हणायचे. पण १८०५? डीग आणि फर्रुखाबादला हार होऊन गेलेली, भरतपूरकरांनी इंग्रजांशी तह केलेला, हा माणूस शिखांची मदत मिळेल या आशेवर पंजाबाच्या वाटेला लागणार, आणि त्या वर्षी भानपुऱ्याकडचं एक घर त्याच्या घोड्यांसाठी हरभरा पाठवतं. ‘हरलेल्याला पोसणारी माणसं होती,’ हे वाक्य त्यांनी आधी आपल्याला किती वेळा म्हणून दाखवलं. १६ फेब्रुवारी ८६ ला भाषणात म्हटलं. आणि उज्जैनहून आलेले ते वृद्ध अभ्यासक शांतपणे उठले. चिठ्ठी श्रावणातली आहे ना? मग कागदावरचं सुहूर सन खमस मयातैन व अलफ म्हणजे १२०५, त्यात ५९९ मिळवायचे. हे १८०४ आहे.

पाऊस आला की एक कमी. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९, जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. सरांनी आपल्याला पहिल्या महिन्यात शिकवलेलं. सुहूर सन मृगाला बदलतं, आपल्या जानेवारीला त्याचं काय!

सर तिथल्या तिथं म्हणाले, ‘बरोबर आहे. चूक माझी. तपासायचं काम माझं होतं.’ आणि त्या गृहस्थांना घरी जेवायला घेऊन गेले. काकूंनी थालीपीठं लावली होती. आपण दोघं पंगतीत होतो, एकमेकांकडे न बघता जेवत होतो.

दुसऱ्या दिवशी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, चहाच्या टपरीवर, चौघांसमोर मी म्हणालो, ‘चिटणिसाचं अक्षर सुरेख, पण हिशेब कच्चा.’ ती चिठ्ठी तुझ्या वाट्यातली होती यावर मी शपथ घेतली असती. खोटं बोललो नाही रे. माझी तशी खात्रीच होती. तू एकदाच म्हणालास, ‘माझ्या हातून श्रावणात ६०० पडणार नाहीत.’ मग बोलणंच बंद. जूनमध्ये तू बँकेत लागलास, खंडव्याला गेलास, पीएचडीची नोंदणी तशीच सुटली. दिवाळीत तू माझ्या दारात उभा, हातात चिवड्याचा डबा. ‘चल भिया, पोहे खाऊ.’ मी आलो. जिलबीचे पैसेही मीच दिले. मला वाटलं, हा आला म्हणजे यानं चूक कबूल केली. आणि मी मोठ्या मनानं ती माफ केली.

तेव्हापासून मी हेच धरून चाललो. पुढं मी सरांच्याच विषयात शिकवायला लागलो, आणि सुहूर सन शिकवताना दर वर्षी पोरांना सांगायचो की माझ्या एका मित्राची चूक सरांनी भर सभेत स्वतःवर घेतली, असा गुरू होता आमचा. किती वर्षं, किती वर्ग. नाव नाही घेतलं कधी तुझं. त्यानं काय होतं म्हणा.

कार्ड माझ्या अक्षरात आहे.

‘छ १४ जमादिलावल, सन खमस मयातैन व अलफ. चंदीसाठी हरभरा रवाना. = १८०५.’ त्या वर्षी जमादिलावल श्रावणातच आला होता. माझा तो उजवीकडे कललेला पाच. आणि अक्षरावर शंका घ्यायलाही जागा नाही, कारण उलट बाजूला माझ्या मामेबहिणीची लग्नपत्रिका आहे. तो गठ्ठा मीच घरून नेला होता.

१८०५ वर लाल पेन्सिलीची रेघ. बाजूला सरांच्या हातचं, ‘१८०४. मृग.’ खाली, ‘१६ फेब्रु. ८६, रात्र.’ म्हणजे पाहुणे जेवून गेल्यावर, सगळे झोपल्यावर, सर माळ्यावर चढले आणि कार्ड शोधून काढलं. त्यांना त्याच रात्री कळलं की चूक माझी. मी टपरीवर ते वाक्य बोललो त्याच्या आदल्या रात्री. आणि त्यानंतरही सर माझ्याशी होते तसेच होते. एका शब्दानं, एका नजरेनं वेगळे झाले नाहीत. नवीन पोरांना सन शिकवताना दर वर्षी म्हणायचे, ‘इथं मी स्वतः घसरलोय, तुम्ही जपा.’ मी मागच्या बाकावर बसून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, सर चिटणिसाला सांभाळून घेताहेत.

इतकंच असतं तर मी सरळ तुला लिहिलं असतं की बाबा, मी चुकलो, माफ कर. ते तर लिहितोच आहे. माफ कर. त्या टपरीवरच्या वाक्याबद्दल, आणि त्याहून जास्त त्या दिवाळीतल्या माझ्या मोठ्या मनाबद्दल. पण कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात साध्या पेन्सिलीनं, फिकट, अजून एक नोंद आहे. ‘चि. दा.’

पाच दिवस मी त्या दोन अक्षरांपाशी अडकलोय.

‘दा.’ म्हणजे दाखल, हे सरांचं नेहमीचं. वहीत नोंद झाली की कार्डावर दा. आणि पुढं वहीचा आकडा. मी एकतीसच्या एकतीस खोकी पुन्हा चाळली. प्रत्येक दा. पुढं आकडा आहे. या एकापुढं नाही. ‘चि.’ म्हणजे चिठ्ठी असेल म्हणावं, तर सर याद, चिठ्ठी, ताळेबंद हे शब्द पूर्ण लिहितात, तोडत नाहीत. ‘चि.’ हे त्यांनी गठ्ठे वाटताना तुझ्यासाठी वापरलंय. ‘चि.’ आणि ‘जा.’, चिटणीस आणि जासूद. तशी वीसेक कार्डं सापडली. मग ‘चि. दा.’ म्हणजे ‘चिटणिसास दाखविले’ का?

एका कागदावर निवाडा करू नका, दुसरा साक्षीदार शोधा, हे सरांचंच. म्हणून काकूंना विचारलं, आडून. सरांनी त्याला कधी जुनी कार्डं दाखवली होती का हो? काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘तो यायचा की खंडव्याहून. महिन्या-दोन महिन्यांनी. तू नसायचास तेव्हा यायचा.’ मी म्हटलं, कधी? ‘बँकेत लागला त्याच वर्षी. वर जाऊन बसायचे दोघं.’

हे मला माहीतच नव्हतं.

आता सांग. सरांनी तुला ते कार्ड दाखवलं का? दाखवलं तर दिवाळीच्या आधी की नंतर? मला नंतर हवंय. नंतर असेल तर तू त्या दिवशी नुसता भांडण मिटवायला आलास, आणि ते मला पेलेल. पण आधी असेल, तर तू सगळं माहीत असून डबा घेऊन माझ्या दारात आलास, माझ्या समोर बसून पोह्यांवर जीरावण टाकत राहिलास, मला जिलबीचे पैसे देऊ दिलेस, आणि पुढं एकोणचाळीस वर्षं माझ्या मुलाच्या मुंजीला, बाबांच्या दहाव्याला, सगळीकडे येत राहिलास, आणि बोलला नाहीस. का? सरांनी सांगितलं होतं का बोलू नकोस म्हणून? तसं सांगितलं असेल तर मला त्यांच्यावर रागवावंसं वाटतंय, पहिल्यांदाच. मला वाचवताना त्यांनी तुझ्या वाट्याचा न्याय द्यायचा राहू दिला, असं वाटतं. लगेच दुसरं वाटतं, तुला कार्ड दाखवलं हाच त्यांनी दिलेला न्याय असेल. ज्याच्यावर आळ आला त्याला कागद दाखवायचा, ज्यानं घेतला त्याला त्याच्या मनावर सोडायचं. काल रात्री दोन वाजता मला हे पटलं होतं. सकाळी पुन्हा नाही पटलं.

आणि पीएचडी. ती यामुळं सुटली का? तू तेव्हा म्हणाला होतास की वडिलांच्या पेन्शनीत भागत नाही. हुकूमचंद मिलमधून तुझे काका घरी बसले ते नंतर, ९१ ला, म्हणजे तेव्हा तितकी ओढाताण नव्हती असं मी काल हिशेब करत बसलो. चुकतही असेन. माझ्या हिशेबावर आता माझाच भरवसा नाही, तूच काय ते सांग.

येत्या रविवारी, १४ तारखेला, सीतामऊला गाडी जाणार आहे. ते कार्ड काढून घ्यावं असं एकदा मनात आलं. खिशात टाकलंही होतं. परत ठेवलं. खोक्यातलं कार्ड हलवलं तर सर स्वप्नात येऊन वेणी धरतील. कार्ड जाईल. पण त्याला एक चिटोरा जोडायचा ठरवलाय, माझ्या सहीचा. ‘१८०५ ही नोंद माझी, चुकीची. ज्याच्यावर मी आळ घेतला त्याचा यात संबंध नाही.’ पुढं ‘चि. दा.’ चा अर्थ लिहायचा आहे. उद्या कुणी पोरगं ते कार्ड हातात घेईल, त्याला कळायला हवं. तो अर्थ तुझ्याकडेच आहे. शुक्रवारपर्यंत आला तर बरं. खासगी ठेवायचा असेल तर तसं लिही, मी कोपरा कोरा सोडीन.

वहिनींचा दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू झाला का? चिरंजीवांनी पुण्यात घर घेतल्याचं कळलं, छान झालं. नातवाचं बारसं आम्हाला चुकलं याबद्दल ही मला अजून बोलते. तू रिटायर होऊन काय करतोस, हे मी तुला विचारलंच नाही कधी. मोडी वाचतोस का अजून?

इथं गराडू सुरू झालेत. सराफ्यात थंडीत उभं राहून खाल्ले की सरांची आठवण येते, दोन्ही मुलींना दोन खांद्यांशी धरून ते जीरावण जास्त मागायचे. जानेवारीत ये. काकू एकट्या आहेत, धाकटी महिनाभर राहून जाणार.

फोन करू नकोस. फोनवर तू ‘बरं, बरं’ म्हणशील. लिही.

तुझा,
जासूद

ता. क. क्षिप्रेत पडलास तेव्हा सरांनी दिलेला कोरडा पायजमा तू परत केला नाहीस, असं काकूंचं म्हणणं आहे. मी म्हटलं, विचारून कळवतो.